बारा महिन्यांचें पान

फाल्गुन सरत आला म्हणजे संसारी माणूस वर्षाचा जमाखर्च मांडावयास बसतो. पैशाचा हिशेब वहींत सांपडतो. खाल्लेल्या अन्नाचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाहीं. आमच्या घरीं रोज दोन वेळां चौदा पानें मांडलीं जातात, म्हणजे वर्षाकांठीं तीं दहा हजारांवर होतात. त्यांपैकीं आठवणींत राहतात तीं किती? गेल्या वर्षीं लग्नें, मुंजी, देवदर्शनें आणि आप्तेष्टांच्या भेटी यांच्या निमित्तानें आमचा प्रवासही पुष्कळ झाला. परवां रात्रीं घरची सर्व मंडळी एकत्र बसली असतां आम्ही स्मरणांत राहिलेल्या जेवणांची यादी करूं लागलों, तों ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. नामांकित उपाहारगृहांतही आम्ही जेवलों होतों आणि तेथील पदार्थांस नांव ठेवण्याजोगें कांहीं नव्हतें; तरी त्यांतील एकही जेवण या यादींत आलें नाहीं. जीं आलीं तीं सर्व घरचीं होतीं. असें कां व्हावें, हें तीं जेवणें एकेक आठवून पाहिलीं म्हणजे ध्यानांत येईल.

वैशाखांत आम्ही रत्नागिरी जिल्ह्यांत आमच्या आत्याबाईंकडे गेलों होतों. कोंकण रेल्वे १९९८ सालीं पूर्णपणें सुरू झाली तेव्हांपासून हा प्रवास फार सुखाचा झाला आहे. मात्र स्टेशनावर उतरून पाखाडी चढूं लागलें कीं कोंकण पूर्वींचेंच. हापूस आंबा पुण्यासही येतो, तेव्हां त्याचें कौतुक येथें सांगत नाहीं. पुण्यास जें येत नाहीं तें सांगतों. बरक्या फणसाचे गरे चाळणीवर घांसून काढलेला रस, तांदळाच्या कण्यांचा भाजलेला रवा आणि गूळ एकत्र कालवून वाफवलें कीं सांदण होतें. त्यावर नारळाचें दूध घालून तें खावें. आमच्या धाकट्या सूनबाई कागद-पेन्सिल घेऊन चुलीपाशीं बसल्या होत्या.

"आत्याबाई, रवा किती घ्यायचा?"

"रसाला लागेल तेवढा."

"आणि रस किती?"

"फणस देईल तेवढा!"

आत्याबाईंनीं थट्टा केली असें प्रथम सर्वांस वाटलें. परंतु पुढें त्यांनींच उलगडा केला. फणस झाडागणिक निराळा असतो. एकाचा रस दाट व गोड, दुसऱ्याचा पातळ व फिका. त्यामुळें वाटीचें माप एका फणसाला बरोबर ठरलें तर दुसऱ्याला चुकतें. पिठांत हात घालून तें बोटांवरून कसें उतरतें हें पाहावयाचें आणि मग मूठभर रवा घालावयाचा किंवा थांबावयाचें. सत्तर वर्षें त्या हातानें हें पाहिलें आहे.

मागील अंगणांत रातांब्यांचे ढीग पडले होते. फळ फोडून आंतील गर व बिया मिठांत ठेवल्या कीं रस सुटतो. त्या रसांत वरचीं सालें पुनःपुन्हां भिजवून उन्हांत वाळवलीं म्हणजे आमसुलें तयार होतात. बियाही टाकून देत नाहींत. त्यांचें तेल काढतात आणि तें थिजवून भेगाळलेल्या टांचांस लावतात. हें सर्व पहिल्या पावसाच्या आंत उरकावें लागतें, म्हणून वैशाखांत त्या घरांत कोणासही उसंत नसते. आम्ही सांदणें खाऊन ओटीवर पान जमवीत बसलों होतों तेव्हां आत्याबाई जेवावयास बसल्या. त्यांच्या वाट्याचें सांदण निवून गेलें होतें.

आषाढी एकादशीस आमचा मुक्काम पंढरपुरास एका नातलगांकडे होता. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण त्या घरीं पुरतेपणीं खरी झाली. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू असा फराळ होता. आमच्या कॉलेजांत शिकणाऱ्या नातवानें तेथें एक मौजेची गोष्ट काढली. बटाटा, रताळें, भुईमूग, मिरची, राजगिरा आणि ज्या कंदापासून हल्लीं साबुदाणा करतात तो टॅपिओका, हीं सर्व मूळचीं अमेरिका खंडांतील. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतरच जुन्या जगाला त्यांची खरी ओळख झाली. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळीं, म्हणजे तेराव्या शतकांत, आमच्या त्या ताटांतले फक्त वऱ्याचे तांदूळच काय ते उपासाला मिळूं शकले असते. साबुदाण्याचा धंदा तर तमिळनाडूंत सेलमच्या बाजूस दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, बाहेरचा माल येईनासा झाल्यावर, वाढीस लागला. हें ऐकून यजमानीण काकू हंसून म्हणाल्या, "अमेरिकेचा असो कीं आणखी कुठला, भिजवायला कोणी शिकवलं त्याला?" बोलणें साधें होतें, पण मुद्द्याचें होतें. साबुदाणा जुना कीं नवा हें पाहून पाण्याचा हात कमीजास्त करणें आणि दाणा चिमटींत दाबून पाहणें ही विद्या त्या दाण्याबरोबर जहाजांतून आलेली नाहीं. ती आमच्या घरांतून निर्माण झाली, म्हणूनच तो परका दाणा आमच्या व्रतांत बसला.

भाद्रपदांत गणेशचतुर्थीस आम्ही गोव्यास, फोंडें तालुक्यांत, थोरल्या सूनबाईंच्या माहेरीं होतों. तेथें या सणास चवथ म्हणतात. मूर्तीच्या वर लाकडी चौकटीला माटोळी बांधलेली असते. नारळ, सुपारीचा घड, केळफूल, काकड्या, तोरिंजन आणि रानांतलीं कितीतरी फळें व पानें तींत टांगतात. ती बांधण्याचें काम पुरुषांचें. त्या घरचे दोघे भाऊ आदल्या दिवशीं डोंगरावर जाऊन रानफळें घेऊन आले आणि प्रत्येकाचें नांव मुलांकडून पाठ करून घेतलें. वनस्पतिशास्त्राचा असा पाठ शाळेंत मिळणें कठीण.

स्वयंपाकघरांत विहीणबाईंचें खतखतें शिजत होतें. सुरण, मुळा, भोपळा, कच्चीं केळीं, शेवग्याच्या शेंगा, मक्याचें कणीस अशा नानाविध भाज्या, तूरडाळ, ओल्या नारळाचें वाटण, आमसूल आणि गूळ असा हा प्रकार. कांदा-लसूण नाहीं. त्याचा खरा प्राण तिरफळांत आहे. हीं फळें वाटणांत वाटावयाचीं नाहींत. बिया काढून, ठेंचून, थोड्या पाण्यासह शेवटीं घालावयाचीं, नाहीं तर पदार्थ कडवट होतो. जिभेला किंचित् झिणझिणी आणणारा तो वास आम्हां देशावरच्यांस प्रथम चमत्कारिक वाटतो आणि दुसऱ्या वाढपास हवाहवासा होतो. मग पातोळ्या आल्या. हळदीच्या कोवळ्या पानावर तांदळाचें वाटलेलें पीठ पसरून, त्यांत गूळखोबऱ्याचें चून भरून, पान मिटून ती वाफवतात. पान उलगडतांच जो सुगंध येतो तो त्याच दिवसांत मिळतो. थंडी सरतां सरतां हळदीचीं पानें वाळतात आणि मग जमिनींतील हळकुंडें काढतात. आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानांत राहिली. त्या घरीं नारळ फोडणें, खोवणें आणि केळीचीं पानें पुसणें पुरुषांकडे होतें. स्वयंपाक लौकर आटोपला आणि दुसऱ्या पंगतीस घरच्या सर्व स्त्रिया गरम अन्नावर बसल्या. वाढावयास पुरुष होते.

दिवाळीनंतर दक्षिणयात्रेंत तंजावरास गेलों. शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांनीं सतराव्या शतकांत येथें भोसल्यांचें राज्य स्थापिलें. तें १८५५ पर्यंत चाललें. बृहदीश्वराच्या देवळांत या घराण्याचा इतिहास १८०३ सालीं मराठींत कोरून ठेवला आहे. तो लेख प्रचंड आहे. आम्ही मान वर करून दहा ओळी कशाबशा वाचल्या. सरस्वतीमहालांत दुसरे सरफोजीराजे यांच्या वेळचा 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा मराठी पाकग्रंथही आहे. परंतु शिलालेखाहून आणि ग्रंथाहून जवळचा मराठीपणा आम्हांस एका घरच्या पानावर भेटला. यजमानांची मराठी तमिळ वळणाची, कांहीं शब्द आम्हांस दोनदां विचारावे लागले. त्यांच्या वृद्ध मातोश्रींनीं दह्यांत कालवलेला एक पदार्थ वाढला आणि म्हणाल्या, "हें डांगर." आम्ही चकित झालों. उडीद भाजून, दळून, दह्यांत कालवलेलें तें आमचेंच डांगर. आम्ही भाकरीशीं खातों, तेथें तें पचडी म्हणून भाताशीं खातात. तेथील तमिळ घरांत पिटलै नांवाचा वांग्याचा किंवा कारल्याचा पदार्थ करतात. चव सर्वस्वी निराळी, पण नांव आमच्या पिठल्याशीं नातें सांगतें. राज्य गेलें, लिपी बदलली, भाषेनें दुसरें वळण घेतलें. उडदाचें पीठ कालवणारा हात मात्र सासूकडून सुनेकडे चालत आला.

हिवाळ्यांतील दोन जेवणें थोडक्यांत सांगतों. एक जळगांवकडचें: शेतांत कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचें भरीत आणि ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी. दुसरें मंगळवेढ्याचें: काळ्या रानांतील ज्वारीचा कोवळा हुरडा, शेणीच्या आरांत भाजून तळहातांवर चोळलेला, बरोबर दाण्याची चटणी. दोन्ही ठिकाणीं ताट-वाटीचा थाट नव्हता, आणि कोणास त्याची आठवणही झाली नाहीं.

आतां या यादीवरून काय दिसतें? प्रत्येक जेवणाला एक स्थळ होतें, एक ऋतु होता आणि एक हात होता. यांपैकीं स्थळाचें रक्षण करण्याचें काम आतां कायद्यानें हातीं घेतलें आहे. मंगळवेढ्याची ज्वारी, जळगांवचें भरिताचें वांगें आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीचें कोकम यांस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. कोंकणच्या हापुसाला २०१८ सालीं मिळालें. ही चांगली गोष्ट आहे. ऋतूचें रक्षण ईश्वराकडे. परंतु हाताला मानांकन देणारी कचेरी कोठेंही नाहीं.

ग्रंथांनीं हें काम होईल असें कोणी म्हणेल. लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं १९१० सालीं हजार पाकक्रियांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नें १९७० पासून घरोघरच्या नव्या संसारांस हात दिला. या ग्रंथांचे उपकार मोठे आहेत. आमच्याही घरीं त्यांचीं पानें हळदीनें पिवळीं झालीं आहेत. तरीपण "रसाला लागेल तेवढा" हें माप छापतां येत नाहीं. तें शेजारीं उभें राहूनच शिकावें लागतें.

मग शेजारीं उभें कोणी राहावयाचें? आत्याबाईंची मुलें मुंबईस आहेत, नातवंडें त्याहून दूर. फणस दर वर्षीं धरेल. सांदण होईल कीं नाहीं हें कोणी सांगावें? यादी करतांना आमच्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, "हल्लींच्या मुलींना हौस नाहीं." त्यावर धाकट्या सूनबाई नम्रपणें पण स्पष्ट म्हणाल्या, "हौस आहे, सासूबाई. आत्याबाईंजवळ मी आठ दिवस बसेन. पण त्यांचा हात घेतांना त्यांचं निवलेलं पानही माझ्याच वाट्याला येणार असेल, तर मला विचार करावा लागेल." क्षणभर कोणी बोललें नाहीं. वहिनींनीं चाळीस वर्षें तेंच निवलेलें पान जेविलें आहे. त्यांनीं सुनेकडे पाहिलें आणि "खरं आहे हो" एवढेंच म्हणाल्या.

आम्हांस वाटतें, सर्व वादाचें मूळ येथें आहे. ज्या विद्येची आपण इतकी वाखाणणी करतों तिचें मोल आजवर एकाच पक्षानें दिलें. जेवणाऱ्यांस आठवण राहिली आणि करणारीस धूर. पुढच्या पिढीच्या मुली या अटीवर ती विद्या घेणार नाहींत, आणि घेऊं नये हेंच न्याय्य. अट बदलली तर मात्र विद्या टिकण्याची आशा आहे. फोंड्याच्या त्या घरीं नारळ खोवणाऱ्या हातांनीं कांहीं पुरुषार्थ गमावलेला आम्हांस दिसला नाहीं. उलट पातोळ्या कशा होतात हें तेथील मुलग्यांसही ठाऊक होतें.

असो. यंदाच्या वैशाखाची व्यवस्था ठरली आहे. धाकट्या सूनबाई आणि कॉलेजांतील नातू अशीं दोघें आत्याबाईंकडे आठ दिवस राहावयास जाणार आहेत. फणस फोडणें, हाताला तेल लावून चीक काढणें आणि रस गाळणें नातवाकडे. पिठांत हात दोघांनींही घालावयाचा. आत्याबाईंना पत्र गेलें आहे. त्यांत एवढीच विनंति केली आहे कीं, पहिलें सांदण निघेल तें आधीं त्यांनीं खावें.