नदीची मेमरी

सांगलीच्या माणसाला पावसाळ्यात 'कसे आहात?' असं विचारत नाहीत. 'किती फूट?' असं विचारतात. फूट म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. हे दोन आकडे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतात.

मी आता अमेरिकेत, व्हर्जिनियात नोकरी करते. कृष्णेच्या जागी पोटोमॅक आली, पण सवय काही गेली नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात ऑफिसच्या ग्रुपने शनिवारी कयाकिंगला जायचा प्लॅन केला. दोन दिवस वरच्या डोंगरात पाऊस धो धो कोसळत होता. शनिवारी मात्र मस्त ऊन पडणार, असं हवामानाचं अॅप सांगत होतं. मी आपलं सवयीने विचारलं, "नदी किती आहे?" त्यावर आमचा ग्रुप लीडर हसला. "अगं, दहा वर्षं जातोय मी तिथे. काही होत नाही!"

बस्स, हे वाक्य ऐकलं आणि मला थेट बाबाच आठवले.

ऑगस्ट २०१९. सांगलीत पाणी चढत होतं आणि मी इथून फोनवर गयावया करत होते, "बाबा, काकांकडे जा ना!" बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "२००५ ला तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. त्याच्या वर येत नाही." त्या वर्षी आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पायऱ्या सोडाच, आमच्या हॉलमधला टीव्हीही दिसेना. आई-बाबा शेजाऱ्यांच्या गच्चीवर होते आणि दोन दिवस त्यांचा फोन लागत नव्हता. ते दोन दिवस मी कसे काढले, ते माझं मला माहीत. बाबा काही अडाणी नाहीत हो. त्यांनी आयुष्यात जो सगळ्यात मोठा पूर पाहिला होता, तोच त्यांच्या लेखी जगातला सगळ्यात मोठा पूर होता.

म्हणून ग्रुप लीडरशी वाद घालत बसले नाही. लॅपटॉप उघडला.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची, म्हणजे यूएसजीएसची, देशभरातल्या नद्यांवर हजारो मापन केंद्रं आहेत. बहुतेक ठिकाणी दर १५ मिनिटांनी नोंद होते आणि ती कुणालाही फुकट मिळते. ती उतरवून घ्यायला 'डेटारिट्रीव्हल' नावाची लायब्ररी आहे. आधी ती 'आर'मध्ये आली, आता पायथनमध्येही आहे. तिला केंद्राचा नंबर, काय हवंय त्याचा कोड आणि तारखा द्यायच्या. चार-पाच ओळींत तक्ता तयार! ०००६० म्हणजे प्रवाह, सेकंदाला किती घनफूट पाणी जातंय ते. ०००६५ म्हणजे पातळी, अर्थात आपले फूट.

करून बघणार असाल तर दोन-तीन टिप्स. नंबर अवतरणचिन्हांत लिहा, नाहीतर सुरुवातीचं शून्य गळून पडतं आणि केंद्र सापडत नाही. वेळ ग्रीनिचची येते, ती स्थानिक करून घ्या. ताज्या आकड्यांवर 'प्रोव्हिजनल' असा शिक्का असतो, तपासणी झाली की 'अप्रूव्हड' होतो. आणि लायब्ररी अपडेट ठेवा, कारण खातं जुनी सेवा बदलून नवी आणतंय. जुन्या ट्युटोरियलमधली फंक्शनं डोळे मिटून कॉपी करू नका.

मी दोन केंद्रं घेतली. एक वॉशिंग्टनजवळचं लिटल फॉल्स, नंबर ०१६४६५००. दुसरं त्याच्या वरच्या अंगाला असलेलं पॉइंट ऑफ रॉक्स, ०१६३८५००. ग्राफ काढला. वरच्या केंद्रावर रेघ जिना चढावा तशी चढत होती. खालची अजून सुस्त होती. कोयनेतून पाणी सुटलं की सांगलीत ते नंतर पोचतं, तसंच हे. म्हणजे आमच्या उन्हाच्या शनिवारीच पाणी आमच्याकडे येणार होतं!

मग जरा मागे गेले. लिटल फॉल्सची नोंद १९३० पासूनची आहे. सगळी उतरवली, तरी चहा उकळायच्या आत काम झालं. तिथला सरासरी प्रवाह सेकंदाला साधारण ११ हजार घनफूट. आणि १९ मार्च १९३६ ला? ४ लाख ८४ हजार! म्हणजे सेकंदाला जवळपास १ कोटी ३७ लाख लिटर. १९७२ च्या 'अॅग्नेस' वादळात ३ लाख ५९ हजार. ग्रुप लीडरची दहा वर्षं त्या ग्राफवर बोटभर जागेत मावली. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बोलिंगला जाऊ या."

हे आकडे आपोआप येतात असं मात्र समजू नका. केंद्रातलं यंत्र मुख्यतः पातळी मोजतं. त्या पातळीला किती पाणी वाहतंय, हे कळायला माणूस जावाच लागतो. तो नदीत उतरून किंवा बोटीतून, पुलावरून वेग आणि खोली मोजतो. नदीचा तळ बदलतो, म्हणून पुन्हा पुन्हा जावं लागतं. पूर आला की आपण घरी पळतो आणि ही मंडळी पुलाकडे निघतात. आपल्या चार ओळींच्या कोडमागे अशी कित्येक दशकांची ओली पावलं आहेत.

माणसाच्या मेमरीत एखाददुसराच पूर बसतो. नदीच्या मेमरीत सगळे बसतात, फक्त कुणीतरी ते न चुकता लिहून ठेवावे लागतात. बाबांनी आता गेटच्या खांबावर २०१९ ची रेघ ऑइलपेंटने ओढली आहे. तिच्या वर त्यांनी मुद्दाम हातभर जागा कोरी सोडली आहे.