जिप्सीत रेडिओ बसवताना

व्यारा मागे पडलं आणि सागाचं जंगल सुरू झालं की मोबाइलवरच्या रेघा एकेक करून गळायला लागतात. सुरतेहून डांगात जाणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे, तरी प्रत्येक जण "पोचलो की फोन करतो" असं म्हणूनच निघतो. मागच्या पावसाळ्यात आम्हीही तसेच निघालो. पुढे आमची जुनी जिप्सी, मागे मामेभावाची जीप. एका फाट्यावर आम्ही डावीकडे वळलो आणि तो उजवीकडे. हे कळायला अर्धा तास गेला आणि पुन्हा भेटायला दोन तास. त्याच्या गाडीत मामी होत्या, त्यांचा बीपीचा डबा आमच्या गाडीत होता.

शेवटी एका मोटारसायकलवाल्या दादांनी निरोप पोचवला. त्यांची डांगी बोली ऐकून अप्पा एकदम खुलले, कारण आमच्या घरच्या अहिराणीच्या ती अगदी शेजारची. 1960 साली डांग गुजरातेत गेला, बोली मात्र आपल्या जागी राहिली. पण दर वेळी निरोप न्यायला कोणी दादा भेटेलच असं नाही. परत येताना मामेभाऊ म्हणाला, "ताई, रेडिओ बसवू या का?"

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. 27 मेगाहर्ट्झच्या आसपासचा हा पट्टा अमेरिकेत 1958 साली सामान्य लोकांसाठी खुला झाला आणि 1973 च्या तेलटंचाईनंतर तिथल्या ट्रकवाल्यांनी तो गाजवला. पेट्रोल कुठे मिळतंय, पोलीस कुठे उभे आहेत, सगळं त्यावर चालायचं. आपल्याकडेही या पट्ट्यात 5 वॅटपर्यंत परवाना लागत नाही, संच मात्र मान्यता असलेला हवा. ऑनलाइन दिसणारा कोणताही स्वस्त वॉकीटॉकी उचलू नका. त्यातले बरेच पोलीस आणि इतर सेवांच्या लहरींवर बोलू शकतात. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच विक्रीवर नियमावली काढली. हॅम रेडिओ ही आणखी वेगळी गोष्ट, त्याला परीक्षा द्यावी लागते.

संच आले. पुस्तकाएवढा डबा, कुरळ्या वायरचा माइक आणि इंग्रजी यू आकाराची पातळ पट्टी, म्हणजे ब्रॅकेट. डबा या यूच्या दोन पायांमध्ये लटकतो आणि दोन्ही बाजूंच्या गोल चाव्या आवळल्या की हवा तसा तिरका करता येतो. मला वाटलं, यात काय आहे! बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ड्रिल घेतलं, डॅशबोर्डच्या खाली मधोमध प्लॅस्टिकमध्ये चार पत्र्याचे स्क्रू मारले आणि चहा प्यायला वर गेले.

पुढच्याच फेरीत घाटाच्या खडबडीत उतारावर तो डबा सुटून माझ्या पायाशी पडला. ब्रेकपासून चार बोटांवर. अप्पांनी वाकून तो उचलला आणि मांडीवर घेऊन बसले, घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मग आम्ही उधन्याला गेलो. उधना उद्योगनगरच्या बाजूच्या गल्ल्यांत लूमचे सुटे भाग, दांडे, पट्ट्या असं काहीबाही घडवणारी लहान वर्कशॉप आहेत. तिथे अप्पांच्या ओळखीचे एक मिस्त्रीकाका आहेत, अमळनेरकडचे. सुरतेत दुकानात मी 'बेन' असते, त्यांच्याकडे गेलं की 'ताई' होते. त्यांनी आधी ब्रॅकेटकडे पाहिलंच नाही. मला म्हणाले, "ताई, गाडीत बस. पट्टा लाव. आता पहिला गिअर टाक."

टाकला. माझ्या हाताचं मनगट बरोबर तिथे गेलं, जिथे मी डबा बसवला होता. जिप्सीला दोन दांडे असतात, एक गिअरचा आणि एक फोर व्हीलचा. पहिला, तिसरा, पाचवा गिअर टाकताना हात पुढे जातो, म्हणजे मधली जागा बाद. मी डाव्या बाजूला, शेजारच्या सीटच्या पुढ्यात बोट दाखवलं. काका हसले. "आठे नको, तठे. आठे अप्पांना गुडघा फुटी जाई!"

त्यांनी दाखवलेली जागा गिअरच्या डाव्या अंगाला, डॅशच्या वरच्या कडेजवळ होती. मान न वळवता हात पोचेल अशी. शेजारच्या माणसालाही माइक घेता येईल, आणि समजा गाडी धडकलीच तर गुडघा किंवा डोकं जाईल त्या वाटेत डबा येणार नाही. माइकची वायर दांड्यांत अडकू नये म्हणून तिचा हूक त्यांनी वेगळा, उंचावर ठरवला. या ठरवाठरवीत पाऊण तास गेला, पट्टी घडवायला वीस मिनिटंही लागली नाहीत.

डब्याबरोबर आलेली पट्टी त्यांनी बाजूला ठेवली आणि 3 मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी घेतली. वाइसमध्ये धरून वाकवताना ती अगदी धारदार काटकोनात मुडपली नाही, कोपरा थोडा गोल ठेवला. गाडीच्या हादऱ्यांनी पट्टी तडकते ती नेहमी तीक्ष्ण घडीवरच. मग आतल्या लोखंडी कडेला भोक पाडायचं. त्याआधी बॅटरीची मायनसची वायर काढली आणि ड्रिल मारायच्या जागेमागे बोटं घालून वायरिंग चाचपलं. हे दोन्ही मी पार्किंगमध्ये केलं नव्हतं, हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही. आधी बारीक भोक, मग मोठं, कडेला रेड ऑक्साइडचा हात. सुरतेची खारी हवा उघड्या लोखंडाला सोडत नाही. दहाच्या पान्याचे बोल्ट, मागे मोठे वॉशर आणि आतून नायलॉनची कडी असलेले नायलॉक नट, जे हादऱ्याने आपोआप फिरत नाहीत. पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे.

शेवटी काकांनी दोन्ही हातांनी पट्टी धरून ओढली. डबा हलला नाही, जिप्सी हलली.

अँटेनाचं काम मामेभावाने केलं आणि तिथे आमची चांगली जिरली. 27 मेगाहर्ट्झची लहर 11 मीटर लांब असते. तिच्या पाव लांबीची काठी घ्यायची तर पावणेतीन मीटर. एवढी काठी घेऊन सुरतेच्या फ्लायओव्हरखालून कोण जाणार? म्हणून आत तारेचं वेटोळं असलेली आखूड काठी घेतात. तिला गाडीचं लोखंड आधाराला लागतं. आमच्या जिप्सीला कॅनव्हासचं छप्पर, लोहचुंबकाची अँटेना चिकटणार कुठे? ती मागच्या दारावर, स्टेपनीजवळ लावली. मीटर लावून पाहिलं तर काटा तीनच्या वर, म्हणजे बरीच शक्ती बाहेर न जाता संचाकडेच परत येत होती. दार बिजागऱ्यांवर असतं, रंग आणि ग्रीसमुळे त्याचा बॉडीशी धड संपर्कच नव्हता. रंग खरवडून दारापासून बॉडीपर्यंत तांब्याची जाड पट्टी जोडली, काठीची लांबी थोडी कमीजास्त केली, तेव्हा काटा दीडवर आला. संचाची वायर थेट बॅटरीपासून फ्यूज घालून आणली. तरीही प्लगच्या ठिणग्यांची थोडी खरखर इंजिन चालू असताना ऐकू येतेच.

घरी आई हे सगळं पाहत होती. तिने एकच प्रश्न विचारला, "पूर आला तेव्हा हा असता तर?"

ऑगस्ट 2006. मी पाचवीत होते. उकाईतून सुमारे 9 लाख क्युसेक पाणी सुटलं आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. आम्ही अडाजणला दुसऱ्या मजल्यावर, अप्पा तापीपलीकडे उधन्याला कामावर. वीज गेली, लँडलाइन मुकी झाली, मोबाइल लागेना. 9 तारखेला राखीपौर्णिमा होती. आई दिवसभर गॅलरीत उभी होती. चौथ्या दिवशी अप्पा गुडघाभर चिखलातून आले. मधल्या तीन दिवसांत दोघांनीही एकमेकांना मेलेलं धरलं होतं, हे मला खूप उशिरा कळलं. तापी आमच्या खानदेशातूनच खाली येते. गावाकडे नातेवाईक रेडिओवर बातम्या ऐकत होते, आमची खबर मात्र त्यांनाही नव्हती.

मी आईला खरं ते सांगितलं. असता तरी पलीकडे अप्पांकडे दुसरा लागला असता, चार्ज असलेली बॅटरी लागली असती आणि इमारतींच्या गर्दीत 5 वॅटचा आवाज किती जाईल याचा नेम नाही. घाटात तर मधे डोंगर आला की संपलं. हा डांगात दोन गाड्यांनी एकमेकींना न हरवण्यासाठी आहे, एवढंच.

"दोन आहेत ना?" आई म्हणाली. "मग बघू या."

रविवारी सकाळी मामेभावाची जीप आईला घेऊन अडाजणच्या बाजूला नदीकाठी थांबली. मी आणि अप्पा जिप्सीतून सरदार पुलावरून अठवा बाजूला आलो. मी अप्पांना समजावलं, "बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. दोघांना एकाच वेळी नाही बोलता येत." अप्पांनी मान डोलावली, माइक तोंडाजवळ धरला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग घसा खाकरून म्हणाले, "हॅलो. मी इकडे आहे. बरा आहे. तुम्ही सगळे बरे आहात ना? पोरं जेवली का?"

पलीकडून काहीच नाही. अप्पा माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा अंगठा बटणावर तसाच गच्च होता. मी तो हळूच उचलला आणि खरखरीतून आईचा आवाज आला, अर्ध्या वाक्यात, "...केव्हाची सांगतेय, बटण सोडा, बटण सोडा!"

"आवाज स्वच्छ येतोय," अप्पा मला म्हणाले आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं.