आराखडा बाजूला ठेवल्यानंतर

सुवर्णमहोत्सवाच्या पहिल्या परिपत्रकात ‘आपल्या शाळेवरील कादंबरी, लेखक : दोन माजी विद्यार्थी’ अशी एक ओळ छापलेली होती, ती पुष्कळांच्या स्मरणात आहे. स्मरणिका आज वाचकांच्या हाती आहे, कादंबरी नाही. तिच्यासाठी साठ-एक जणांनी आगाऊ रक्कम भरली आहे, आणि भेटेल तो ‘जय भीम’ झाल्यावर पहिले तेच विचारतो. निदान एखादे प्रकरण तरी द्या, असे संपादक मंडळाने सुचवले. सुटे काढून देता येईल असे प्रकरण आमच्यापाशी नाही, म्हणून त्या कादंबरीचे काय झाले ते येथे सांगतो.

आमच्यापैकी एकाची नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, दुसऱ्याची जिल्हा परिषदेच्या शाळांत. अंदाजपत्रकाला मंजुरी मिळाल्यावाचून टोपलीभर मातीही हलवायची नाही, ही एकाची आयुष्यभराची शिस्त. दुसऱ्याने तीस वर्षे रोज पाठाचे टाचण काढले. उद्दिष्ट, साहित्य, अध्यापन, मूल्यमापन हे रकाने भरल्याशिवाय तो वर्गात गेला नाही. अशा दोघांनी कादंबरी लिहायला घेतल्यावर आधी काय तयार होणार, हे वेगळे सांगायला नको. चार चार्ट पेपर जोडून आम्ही एक तक्ता केला. भाग चार, प्रकरणे 28. प्रत्येक प्रकरणापुढे वर्ष, स्थळ, घटना, उपस्थित पात्रे आणि अपेक्षित पृष्ठसंख्या. 1972 चा दुष्काळ, लाल मिलो आणि सुकडी हे प्रकरण दुसरे. पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन नायक वसतिगृहात येतो ते पाचवे. 27 जुलै 1978 चा विद्यापीठ नामांतराचा ठराव आणि त्यानंतर मराठवाड्यातील वस्त्यांवर झालेले हल्ले, प्रकरण अकरावे. 14 जानेवारी 1994 चा नामविस्तार, प्रकरण चोविसावे. अखेरच्या प्रकरणात नायक अधिकारी होऊन शाळेच्या कार्यक्रमाला येतो आणि ज्या पायरीवर पहिल्या दिवशी रडला होता, तिच्यावर क्षणभर थबकतो. या तक्त्यावर आमचे आठ महिने गेले, आणि ते मोठ्या आनंदात गेले हेही सांगितले पाहिजे. आराखडा करणे हे लिहिण्यापेक्षा कितीतरी सुखाचे काम आहे; त्यात कोणी आपल्याला उलट उत्तर देत नाही.

सहा प्रकरणे तक्त्याबरहुकूम लिहून झाली. ती वाचताना आपण हे कोठेतरी ऐकले आहे असे दोघांनाही वाटत होते, आणि कोठे ते एका सत्कारसमारंभात बसलो असताना उमगले. ‘अत्यंत गरीब कुटुंबात जन्म, प्रतिकूल परिस्थितीवर मात करून शिक्षण,’ असे सत्कारमूर्तीचे परिचयपत्र व्यासपीठावरून वाचले जात होते. आमच्या तक्त्याचा साचा नेमका तोच होता. आमच्या पिढीने दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 नंतर हातोहाती फिरवून वाचले, पुढे 2003 साली उर्मिला पवारांचे ‘आयदान’ आले तेही वाचले; त्या पुस्तकांतील माणसे लाजतात, चिडतात, नको तेथे हसतात. आमच्या प्रकरणांतील माणसे मात्र घटनांच्या बाजूला शिस्तीत उभी राहून आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. अकराव्या प्रकरणाचे टिपण तर पूर्ण होते, तारखा बिनचूक होत्या, आणि तरी त्यात कोणालाच भीती वाटत नव्हती. 1978 च्या पावसाळ्यात आम्ही स्वतः बारा वर्षांचे होतो आणि याच वसतिगृहात होतो. भीती म्हणजे काय ते आम्हाला तक्त्यावाचून ठाऊक होते.

एवढ्यावर आराखडा मोडला नसता. आम्ही चिवट माणसे आहोत. तो मोडला तो एका हिशेबाने.

तक्त्यातील सहाव्या प्रकरणापुढे ‘स्वयंपाकघरातील मावशी, प्रेमळ’ एवढीच नोंद होती. शंभर मुलांना रोज किती पीठ लागे, सरपण कोठून येई, हा तपशील अचूक असावा म्हणून आम्ही मावशींना भेटायला गेलो. मावशी आता मुलीकडे राहतात, डोळ्यांनी कमी दिसते, स्मरण मात्र लख्ख आहे. पिठाचे त्यांनी एका वाक्यात सांगून टाकले. भाकरी त्या कशा मोजत तेही सांगितले: चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने पाच-पाचांच्या रेघा, आणि रात्री त्या पुसायचे काम त्यांच्या मुलाचे. तो सरपणाच्या ढिगावर बसून राही आणि शेवटची पंगत उठली की फडके घेऊन आत येई.

तो आमच्या वर्गात होता. सातवीच्या सहामाहीनंतर तो दिसेनासा झाला, आणि गेलेल्या मुलांविषयी मुले जितके विचारतात तितकेच आम्ही विचारले असावे. तो का गेला ते मावशींनी त्या दिवशी सांगितले. आपल्या भागातील वाचकांना ऊसतोडीचा व्यवहार समजावून सांगण्याची गरज नाही, पण शहरात वाढलेल्या नातवंडांसाठी सांगतो. दसऱ्यानंतर टोळ्या निघण्यापूर्वी मुकादम उचल वाटतो, आणि ती ‘कोयत्या’वर मिळते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी: एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळ्या बांधून वाहायच्या. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि त्याची उचलही अर्धीच. मावशी शाळेच्या स्वयंपाकघरात राहिल्या, कारण त्यामुळे त्यांच्या दोन लहान मुली तेथेच जेवत आणि शिकत. पण त्यामुळे मामांचा कोयता अर्धा झाला, आणि वर्षाचे कर्ज अर्ध्या उचलीत फिटेना.

“मी इथं राहिले म्हणून कोयता अर्धा झाला,” मावशी म्हणाल्या, “पोरगं गेलं तवा पुरा झाला. तुमी काय करणार त्यात, लेकरांनो? भाकरी तर थापायच्याच होत्या.”

परतीच्या एस.टी.त आम्ही फारसे बोललो नाही. घरी आल्यावर पाटबंधारेवाल्याने त्याच्या खात्याचा उपाय करून पाहिला. काम वाढले की सुधारित अंदाजपत्रक सादर करतात, तसे त्याने तक्त्यात ‘प्रकरण 6-अ’ घातले. आठवडाभर आम्ही त्या 6-अ ला जागा करून देत होतो. पण ते एका चौकटीत मावेना. नायक वसतिगृहात ज्या भाकरीवर वाढतो, तिच्या हिशेबात तो मुलगा आहे हे एकदा कळल्यावर सातवे प्रकरण पूर्वीचे राहत नाही, आठवे राहत नाही, आणि पायरीवर थबकण्याचे अखेरचे प्रकरण तर लिहिण्याजोगेच राहत नाही. दुसऱ्या बाजूने, शाळेला दोष देणारी कादंबरी लिहावी तर तीही खोटी ठरते. मावशींच्या दोन्ही मुली याच शाळेत शिकल्या. त्यांतील एक परिचारिका आहे आणि मावशी आज तिच्याच घरी राहतात. या दोन्ही गोष्टी एकाच चुलीवर घडल्या. आमच्या तक्त्याला शेवट आधीपासून ठाऊक होता, त्यामुळे त्याला फक्त पुढे गेलेल्यांचीच गणती जमत होती.

आम्ही तो गुंडाळून कपाटावर ठेवला. त्याच सुमारास गुरुजींच्या हाती दोस्तोयेव्हस्कीच्या ‘इडियट’ची हकीकत आली आणि आम्हाला थोडा धीर मिळाला. 1867 साली तो सावकारांच्या तगाद्यामुळे रशिया सोडून पत्नीसह जिनिव्हात राहत होता. ‘रशियन मेसेंजर’ या मासिकाच्या संपादकाकडून त्याने कादंबरीसाठी पैसे आगाऊ घेतले होते. आपल्या भाषेत उचल. त्या शरद ऋतूत त्याने वह्यांमध्ये एकामागून एक आराखडे केले. त्यांतील नायक गर्विष्ठ, सूड मनात धरणारा, स्वतःच्या विकारांनी जळणारा होता. डिसेंबरात त्याने ते सगळे टाकून दिले, काही दिवसांत नव्याने सुरुवात केली, आणि युरोपातील नव्या पंचांगाप्रमाणे 5 जानेवारीला पहिली पाच प्रकरणे रवानाही केली. तोपर्यंत तो जळता नायक जाऊन त्याच्या जागी निष्कपट, सौम्य प्रिन्स मिश्किन आला होता. पुढे काय होणार याचा पक्का आराखडा हाती नसताना हप्ते छापले जात होते. मध्येच, 1868 च्या मे महिन्यात, त्याची तीन महिन्यांची मुलगी सोफिया वारली. उचल घेतलेली असल्याने लिहिणे थांबवता येत नव्हते. कादंबरी 1869 च्या जानेवारीत फ्लॉरेन्सला पूर्ण झाली. आमची बरोबरी कोणी त्याच्याशी लावू नये. आम्हाला त्यातून एवढेच हवे होते की, महिनोन्‌महिने खपून केलेला आराखडा टाकून देणारे आम्ही पहिले नव्हेत.

आराखड्यावाचून लिहायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न मात्र कोणत्याही हकीकतीने सुटत नाही. आम्ही दोनशे पानी वह्या आणल्या आणि नियम एकच केला: पुढे काय होणार याविषयी एकमेकांशी बोलायचे नाही. एकाने लिहून वही टपालाने दुसऱ्याकडे पाठवायची. दुसऱ्याने ती वाचून जेथे थांबली तेथून पुढे लिहायचे. पहिले वाक्य सरपणाच्या ढिगावर बसलेल्या मुलाचे आले. ते कोणी ठरवले नव्हते. त्यानंतर बराच काळ नुसता गोंधळ झाला. विहीर एका वहीत शाळेच्या पूर्वेला होती, दुसरीत पश्चिमेला गेली. वसतिगृहातील कुत्रा पावसाळ्यात मेला आणि दिवाळीत भाकरीसाठी दारात उभा राहिला. दोन वह्या संपूर्ण बाद करून बंबात घालाव्या लागल्या. पाटबंधारेवाल्याला पहिले काही महिने रात्री झोप लागत नसे. पाया न खणता भिंत उचलतो आहोत असे त्याला वाटे. शेवटी त्यानेच त्यावर तोड काढली. लिहून झालेल्या भागाची नोंद मागाहून ठेवायची: कोण, कोठे, कोणत्या महिन्यात. जुन्या तक्त्याची पाठ कोरी होती, तिच्यावर ही नोंद आता चालू आहे. धरण बांधताना नकाशा आधी काढतात. नदीची मोजणी करताना मात्र ती वाहते तिच्या मागून जावे लागते, असे तो म्हणतो. गुरुजींना ही तुलना जरा ओढूनताणून आणलेली वाटते.

एक फरक पडला तो 1978 च्या प्रकरणात. आता तेथे ठरावाची तारीखही येत नाही. त्या रात्री मावशी भिंतीवर रेघा ओढतात, आणि रेघा रोजच्यापेक्षा जास्त होतात, कारण जवळच्या गावांतून काही बायका लेकरे घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आत येऊन बसल्या आहेत. मुलगा त्या रेघा पुसायला येतो तेव्हा मावशी म्हणतात, आज पुसू नको. हे प्रत्यक्षात असेच घडले असे आमचे म्हणणे नाही. कादंबरीत ते आले, आणि लिहिणाऱ्याला त्या पानावर भीती वाटली. दुसऱ्याने ते वाचून वही चार दिवस तशीच ठेवली.

मावशींच्या मुलाला न विचारता पुढे जाणे आम्हाला योग्य वाटेना. तो आज कारखान्याला ऊस वाहणारा स्वतःचा ट्रॅक्टर चालवतो. भेटल्यावर त्याने आम्हाला दोघांनाही आडनावाने हाक मारली, वर्गात मारायचा तशीच. आम्ही सारे सांगितले. आपल्यावर कोणी लिहिते आहे याचे त्याला विशेष वाटले नाही. लिहिलेले थोडे वाचून दाखवले तेव्हा भाकरीच्या रेघांवर तो हसला. त्या पुसताना रोज एक रेघ मुद्दाम ठेवायचा आणि सकाळी आईची गणती चुकवायचा, असे त्याने सांगितले. हे मावशींनाही ठाऊक नव्हते. निघताना म्हणाला, “लिहा रे खुशाल. पण मला बिचारा करू नका.”

ही अट पाळणे आराखड्यात सोपे होते. ‘बिचारा नाही’ अशी नोंद करून टाकता आली असती. वहीत ती प्रत्येक पानावर पाळावी लागते. फडावरच्या कोपीत थंडीने कुडकुडणारा बारा वर्षांचा मुलगा लिहायचा आणि वाचणाऱ्याच्या तोंडून ‘अरेरे’ निघू द्यायचे नाही. तो तेथे काय शिकतो, कोणाची नक्कल करतो, उसाच्या वाढ्यावरून कोणाशी भांडतो, मुकादमाला काय नाव ठेवतो, हे शोधत जावे लागते. यात वेळ जातो, आणि किती जाईल ते सांगता येत नाही.

ज्यांनी आगाऊ रक्कम भरली आहे त्यांना ती परत हवी असल्यास माजी विद्यार्थी मंडळाकडे मागावी. ती वेगळी ठेवलेली आहे. ज्यांची थांबण्याची तयारी आहे त्यांच्यासाठी एवढे सांगतो की सातवी वही सध्या नांदेडला गुरुजींकडे आहे. तिच्यात मार्गशीर्षाची थंडी आहे, मुलगा अजून फडावर आहे, आणि हंगाम संपून पट्टा पडायला बराच अवकाश आहे.