किरणांची मात्रा

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या माझ्या धाकट्या भावाचें गेल्या महिन्यांत पत्र आलें. किरणोत्सर्गी द्रव्य टोचून त्याच्या हृदयाची तपासणी झाली व ती तासाभरांत आटोपली. मी मात्र तशाच तपासणीसाठीं भाटघराहून पहांटे निघून पुण्यास अर्धा दिवस बसलों होतों. "दादा, तुमच्याकडे अजून जुनेंच चाललें आहे काय?" हा त्याचा प्रश्न मला बोंचला. आमच्या वडिलांना हृदयविकारानेंच नेलें. तेव्हां प्रश्न निव्वळ मानापमानाचा नव्हता.

कल्पना दोन्हीकडे एकच. टोचलेलें द्रव्य रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूंत उतरतें. जेथें रक्त कमी, तेथें चित्र फिकें. भाटघरचें धरण काठोकाठ भरलें म्हणून नीरा डाव्या कालव्याच्या शेवटीं, इंदापुराकडील शेतांत, पाणी पोंचलेंच असें होत नाहीं. तें शेतांतच जाऊन पाहावें लागतें. तसेंच हें.

फरक आहे तो द्रव्याच्या आयुष्याचा. मला टोचलेलें टेक्नेशियम 6 तासांत निम्में विझतें. पण तें ज्या मॉलिब्डेनमपासून निघतें तें निम्में व्हावयास 66 तास लागतात. म्हणून दूरच्या अणुभट्टींतून आलेल्या साठ्यांतून, गाईची धार काढावी तसें, तें रुग्णालयांत रोज काढतां येतें. भावाचें रुबिडियम सुमारें सव्वा मिनिटांत निम्में होतें! त्याचें चित्र अधिक स्वच्छ आणि मात्रा कमी, हें मान्य केलें पाहिजे. परंतु तें देणारें यंत्र इतकें महाग कीं रुग्णांची रीघ नसेल तर परवडत नाहीं. जपानांत तर आयोडीन जोडलेलें मेदाम्ल टोचून हृदय इंधन कसें वापरतें तेंही पाहतात. एवढ्यावरून टेक्नेशियमचें चित्र कुचकामी ठरत नाहीं.

मला अस्वस्थ केलें तें निराळ्याच गोष्टीनें. 2013 सालीं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनें 65 देशांतील 308 प्रयोगशाळांची पाहणी केली. रुग्णास मिळणारी सरासरी किरणमात्रा एका प्रयोगशाळेंत 2.2 मिलिसीव्हर्ट, तर दुसरींत 24.4! श्रमानंतरचें चित्र निर्दोष आलें तर विश्रांतीचें चित्र पुष्कळदां गाळतां येतें. त्याला महाग यंत्र लागत नाहीं; थोडा विचार लागतो, आणि तो कोणत्याही देशांत स्वस्तच असावा.

भावाला मीं उलट टपालीं लिहिलें आहे कीं, तुला मिळालेल्या मात्रेचा आंकडा विचारून कळव. माझा मीं पुण्याहून मागविला आहे.