तो होल मी मारला होता, आप्पा

आप्पा,

शेजारच्या आजोबांचा बंदुकीच्या गोळ्यांना मेण भरायचा प्रेस यंदाच्या थंडीतही चालू आहे. बाहेर उणे वीस आणि गॅरेजमध्ये त्या बिडावर तळहात ठेवावा तर कोमट. आजोबा भेटले की आधी तुमची तब्येत विचारतात, मग डोळ्यांचं. मोंटानात तुम्ही एकच हिवाळा काढलात, पण या गल्लीत तुमची आठवण काढणारा माणूस आहे, एवढं आधी सांगून टाकते.

तुम्हीही फोनवर प्रेसची चौकशी करता. पण कुणाकडे? जावयांकडे. "हीटर बरा चाललाय ना?" त्यांना त्यातलं काय ठाऊक, आप्पा? ते त्या गॅरेजमध्ये चहा द्यायला आले, तेवढेच. होल मी मारला होता.

पहिल्या दिवशी तुम्ही गॅरेजच्या दारातच थबकला होतात. बाकावर शिशाच्या गोळ्या मांडलेल्या, आणि तुमच्या गळ्यात माळ. "हे काय मारतात, विचार त्यांना," म्हणालात. मी विचारलं. दूरवर टांगलेल्या लोखंडी पाट्या मारतात, शिकार कधीच सोडली, असं त्यांनी सांगितलं. काडतूसही केवढं जुनं, पंचेचाळीस-सत्तर, अमेरिकी लष्करानं १८७३ साली घेतलेलं. तुमचं समाधान झालं की नाही, मला आजही माहीत नाही. पण तेवढ्यात तुमची नजर त्या प्रेसवर गेली. असलं ओतकाम दिसल्यावर उद्यमनगरातला माणूस दारात कसा थांबणार?

किती चटकन कळलं तुम्हाला! वीस भाग शिशात एक भाग कथील घालून ओतलेली गोळी साच्यातून जरा जाडच निघते. ती डायमधून दाबून काढायची, म्हणजे .४५९ इंचावर येते, आणि त्याच दाबात तिच्या अंगावरच्या खाचांत मेण भरतं. मेण नसलं तर शिसं बंदुकीच्या नळीला आतून चिकटून बसतं आणि नेम जातो. हे मी आजोबांचं ऐकून तुम्हाला सांगेपर्यंत तुम्ही डाय उलटी करून तिची बारीक भोकं उजेडात बघत होतात. खरी अडचण थंडीची होती. मेण दगडासारखं घट्ट, दाबाचा स्क्रू पिळून पिळून आजोबांचं मनगट दुखायचं. मग ते केस वाळवायचा ड्रायर धरून बसायचे. पुढचं मेण गळायचं, मागचं तसंच गोठलेलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "वरनं नको, बुडातनं तापवायला पाहिजे."

मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. आपल्याला ते वितळवायचं नव्हतं, नुसतं मऊ करायचं होतं, पंचेचाळीसच्या आसपास. जास्त तापलं तर डायखालून झिरपून गोळीच्या बुडाला लागतं. प्रेसखाली सहा सूत जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यात आडवा तीन सुताचा होल, त्यात कार्ट्रिज हीटर, आणि पट्टीखाली लाकडी फळी, म्हणजे ऊब बाकात जाणार नाही. हीटर दादानं दुकानातून पाठवला, २३० व्होल्टचा, ४०० वॅटचा. तो इथल्या १२० वर कसा चालेल, असं आजोबांनी विचारलं, तेव्हा तुम्ही बोटांवर हिशेब मांडलात. व्होल्टेज साधारण निम्मं झालं की उष्णता चौथाई, म्हणजे शंभरेक वॅट, आपल्याला हवी तेवढीच. शिवाय हीटरवर ताण नाही, तो टिकेल. आजोबांनी तुमच्याकडे पाहिलं ते मला अजून दिसतं. मला फार अभिमान वाटला होता. तेव्हा बोलले नाही, आता लिहिते.

आणि मग होल मारायची वेळ आली. आजोबांचा हात थरथरतो. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू. पंच कुठे ठेवायचा ते तुम्हाला दिसेना. तुम्ही क्षणभर इकडेतिकडे पाहिलंत आणि ड्रिल माझ्याकडे सरकवलंत. "धर."

हा शब्द ऐकायला मी किती वर्षं थांबले होते, ठाऊक आहे तुम्हाला? दादा दहावीच्या सुट्टीत लेथवर उभा राहिला. मी डबा घेऊन यायचे आणि तुम्ही तो उंबऱ्यावरच घ्यायचात. आत तेलकट असतं, कपडे खराब होतील, चिप उडेल. डोळ्यांत चिप दादाच्या उडत नव्हती का? मी इंजिनिअर झाले, तुम्ही पेढे वाटलेत, पण कानस हातात दिली नाहीत ती नाहीच.

त्या दिवशी मात्र सगळं दिलंत. रॉकेल सोडत राहा, अ‍ॅल्युमिनियम चिकटतं. थोडं आत जा, बाहेर ये, चिप काढ, पुन्हा आत. जरा लहान ड्रिल मार आणि मग रीमर घाल, हीटर आणि भिंतीत हवा राहिली तर तो स्वतःच्याच उष्णतेनं जळतो. होल आरपार घे, उद्या हीटर गेला तर मागनं ठोकून काढता येईल. अर्थिंगची वायर पट्टीला स्क्रूनं आवळ, त्यात हयगय नको. तुम्ही नुसत्या आवाजावरून सांगत होतात, "आता जड चाललंय, थांब." आणि रीमर फिरवताना माझ्या मनगटावर तुमचा हात होता. हीटर आत सरकला, ना ढिला ना घट्ट, तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. पट्टीवरून अंगठा फिरवलात. तुमच्या दुकानात त्याचा अर्थ काय, तो दादाला विचारायची मला गरज नाही.

पण एक विचारते. डोळे धड असते तर ड्रिल माझ्या हातात दिलं असतंत? गरज पडली म्हणून दिलंत, की द्यायचं होतंच आणि निमित्त मिळालं? काहीही उत्तर द्या, त्या दिवसाचं मोल माझ्या लेखी कमी होणार नाही.

वहिनी सांगत होती, दादाची धाकटी सुट्टीत दुकानात यायचा हट्ट धरून बसली होती आणि तुम्ही तिला तेच सांगितलंत, आत तेलकट असतं. आप्पा, आता पुरे. न्या तिला. डोळ्यांना चष्मा द्या, केस बांधायला लावा आणि कानस द्या हातात. आरपार होल का घ्यायचा ते मला सांगितलंत तसंच तिला सांगा.

आता कामाचं. प्रेस पंचेचाळीस अंशांवर ठेवलाय, खालचं मेण छान चालतं, पण फार थंडी पडली की मेणाच्या नळीच्या वरच्या टोकाला ते घट्टच राहतं आणि स्क्रू अडतो. तापमान वाढवलं तर खाली गळायला लागतं. मला वाटतं, नळीभोवती जाड नमदा गुंडाळावा. आजोबांचं म्हणणं, पट्टीत दुसरा हीटर घालू या. जागा आहे, होल मी मारीन. पण उष्णता खालूनच आणखी वाढवून वरचा गारठा जाईल, असं मला वाटत नाही. तुमचं काय मत? रविवारी फोन कराल तेव्हा मलाच सांगा.

तुमची,
धाकटी