तुमच्या फोनपेक्षा छोटं पापलेट

हे वाचताय तो फोन साधारण पंधरा-सोळा सेंटीमीटर लांब असेल. महाराष्ट्रात कायद्याला चालणारं पापलेट त्याहून छोटं असू शकतं: १३५ मिलिमीटर. त्याच्या खाली गेलं की बेकायदा. बोंबलासाठी हाच आकडा १८० आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून राज्य सरकारने २०२३ मध्ये अशा ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिली. केरळने ही सुरुवात २०१५ मध्येच केली होती. त्याच २०२३ मध्ये चंदेरी पापलेटला आपल्याकडे राज्य माशाचा मानही मिळाला.

कारण सरळ आहे. मासा एकदाही अंडी न घालता ताटात आला, तर पुढच्या वर्षी ताटात यायला मासा उरत नाही.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे हा नियम मला ओळखीचा वाटला. एक आकडा, एक तुलना, हो किंवा नाही. पण अशी तपासणी कुठे बसवायची यावर ऑफिसात आमचे तासन्‌तास वाद होतात. चुकीचा डेटा आत शिरतानाच अडवायचा असतो. शेवटच्या स्क्रीनवर लाल अक्षरं दाखवून काय उपयोग?

इथे पकडणाऱ्यावर आणि विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यावरही कारवाईची तरतूद आहे. मात्र पट्टी लावेपर्यंत मासा बहुधा मेलेला असतो. परत समुद्रात टाकून तो अंडी घालणार नाही. खरी तपासणी जाळं करतं. आपल्याकडचं डोल जाळं भरती-ओहोटीच्या प्रवाहात पिशवीसारखं उभं राहतं. जवळा, बोंबील धरायचे म्हणून टोकाची आस अगदी बारीक. त्यात पापलेटचं पिल्लू शिरलं की सुटत नाही. ट्रॉलचं दुखणं वेगळं. त्याची शंकरपाळ्याच्या आकाराची आस ओढ बसली की मिटते. चौकोनी आस उघडी राहते आणि छोटा मासा निसटतो.

बाजारातल्या आमच्या नेहमीच्या मावशींना मी या नियमाबद्दल विचारलं. त्या हसल्या. "पहाटे लिलावात अख्खी पाटी उचलते रे बाळा, एकेक मासा नाही. पट्टी तिकडे बंदरावर लावा. इथे माझ्यापुढे लावून काय?"

मला त्यांचं पटलं, पण अर्धंच. तव्यात अख्खं मावणारं, खिशाला परवडणारं पापलेट आपण मागतो, म्हणून ते पाटीत येतं. ॲपवर तर मासा ग्रॅममध्ये आणि तुकड्यांत येतो, लांबी कळतच नाही.

अमेरिकेत टेक्सासने १९८१ मध्ये समुद्रातल्या रेडफिशची विक्रीच बंद केली. हौसेने गळ टाकणारा मात्र ठरलेल्या मर्यादेत मासा घरी नेऊ शकतो. म्हणजे हौस राहिली, धंदा गेला. आपला कायदा कोळ्याला विकू नको म्हणत नाही, थोडं थांब म्हणतो. मला हा मार्ग जास्त न्याय्य वाटतो.

पण थांबायलाही पैसे लागतात. मोठ्या आसेच्या जाळ्यातून पिल्लांबरोबर जवळाही निसटणार, म्हणजे त्या दिवसाची कमाईही. ती तूट एकट्या कोळ्याने सोसायची की सरकारने आणि पापलेट खाणाऱ्या आपणही, हे ठरल्याशिवाय १३५ हा आकडा बंदरावर टिकणार नाही.