आणीबाणीतली टावी

महाधमनीची झडप अरुंद होण्याचा विकार बहुधा उतारवयात होतो. झडपेच्या पाकळ्यांवर वर्षानुवर्षे कॅल्शियम साचते, त्या ताठरतात आणि हृदयातून शरीराकडे जाणाऱ्या रक्ताची वाट आकसते. निरोगी झडप ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. हे तोंड १ चौरस सेंटिमीटरपर्यंत आले की विकार तीव्र मानतात. जिना चढताना धाप, छातीत दुखणे आणि भोवळ ही लक्षणे घरोघरी वयाच्या खात्यावर जमा होतात. वास्तविक छातीला स्टेथोस्कोप लावला, तर झडपेची खरखर बहुधा ऐकू येते.

प्रस्तुत लेखकाच्या आईचा विकार कळला तो थेट शेवटच्या टप्प्यावर. फुफ्फुसांत पाणी भरलेले, रक्तदाब घसरलेला, लघवी जवळजवळ बंद. अशा वेळी औषधांची कोंडी होते. पाणी उतरवणारी औषधे जास्त झाली तर रक्तदाब आणखी पडतो, कमी पडली तर श्वास अडतो. आणि मूळ अडथळा औषधाने हटतच नाही. छाती उघडण्याची जोखीम बहुतेक सर्जन घेत नाहीत. मग फुग्याने झडप तात्पुरती फाकवणे किंवा कॅथेटरमधून नवी बसवणे, म्हणजे टावी, एवढेच उरते. फुग्याचा गुण काही महिन्यांत ओसरतो.

टावीचा जन्मच अशा प्रसंगातला. फ्रान्समधील रुआँ येथे १६ एप्रिल २००२ रोजी आलँ क्रिबिए यांनी शॉकमध्ये गेलेल्या ५७ वर्षांच्या रुग्णाला जगातली पहिली अशी झडप बसवली. सर्जननी त्याला नाकारले होते, फुगाही टिकला नव्हता. नवी झडप नीट चालली. पण पायाचा रक्तपुरवठा आधीच खालावलेला होता. पाय कापावा लागला, जखम भरली नाही, संसर्ग झाला आणि १७ आठवड्यांनी तो दगावला. झडप उघडली तरी बाकीच्या अवयवांनी तोवर किती सोसले आहे, यावर पुढचे ठरते.

आधी सीटी स्कॅनने झडपेचे माप आणि जांघेतल्या धमनीची रुंदी पाहतात. त्यासाठी टोचायचा डाय थकलेल्या मूत्रपिंडांना जड जातो, तरी मापाशिवाय झडप निवडणे धोक्याचे. झडपेच्या पाकळ्या गाईच्या किंवा डुकराच्या हृदयावरणाच्या असतात. संमतिपत्रावर सही करताना हे ऐकून नातेवाईक एकमेकांकडे पाहतात. आईने ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून ‘कुणाची का असेना, बसवा’ म्हटले आणि चर्चा संपली.

फुग्यावरची झडप बसवताना पेसिंगच्या तारेने हृदय मिनिटाला १८० च्या आसपास ठोक्यांनी पळवतात. तेवढे क्षण रक्त जेमतेम बाहेर पडते, त्यामुळे झडप जागची सरकत नाही, आणि फुगा फुगवला जातो. जुनी झडप काढत नाहीत. ती नव्या सांगाड्यामागे दाबली जाते. बाहेर बाकावर बसलेल्यांना हा तपशील ठाऊक नसतो, हे बरेच म्हणायचे.

पक्षाघात, जांघेतून रक्तस्राव, झडपेच्या कडेने गळती आणि विद्युतमार्ग दबून हृदयाची गती मंदावणे हे त्यातले धोके. आईला कायमचा पेसमेकर लागला. श्वास लगेच मोकळा झाला, मूत्रपिंडे मात्र सावकाश सावरली. पुढे ठरावीक काळाने टू-डी इको करतात. हिरड्यांतून रक्त येईल असे दातांचे काम असेल, तर आधी अँटिबायोटिक घ्यावे लागते, कारण तोंडातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर घर करू शकतात.